ट्रान्सफॉर्मरची बेरीज नको, भरलेला फेज बघा

संपादक महोदय,

ट्रान्सफॉर्मर जळाल्याची बातमी येते तेव्हा तीत बहुधा दोनच आकडे असतात: क्षमता इतके केव्हीए (व्होल्टेज आणि करंट यांच्या गुणाकाराचे माप) आणि त्यावरचा लोड, म्हणजे उपकरणांची मागणी, इतके किलोवॅट (प्रत्यक्ष कामाची वीज). लोड क्षमतेपेक्षा जास्त असेल तर कारण सापडले असे वाचकाला वाटते. कमी असेल तर ट्रान्सफॉर्मरच निकृष्ट होता, असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात या दोन आकड्यांवरून ट्रान्सफॉर्मर का जळाला हे कळत नाही आणि नवा केवढ्याचा घ्यावा हेही ठरत नाही. तरीही लहान कारखाने, मोठ्या इमारती, पंपघरे इथे निवड याच दोन आकड्यांवर होते, म्हणून हे पत्र.

आधी सूत्र. तीन फेजमध्ये करंट काढायचा तर केव्हीएला १००० ने गुणायचे आणि लाइन व्होल्टेज (दोन फेजमधले व्होल्टेज) गुणिले १.७३२ ने भागायचे. हा १.७३२ म्हणजे √३. दोन फेजमधले व्होल्टेज हे फेज आणि न्यूट्रल (परतीची तार) यांमधल्या व्होल्टेजच्या इतके पट असते, तिथून तो आला. वाइंडिंग (तारेची गुंडाळी) स्टारमध्ये (तिन्हींचे एकेक टोक एका बिंदूत जोडून) असो की डेल्टामध्ये (तिन्ही त्रिकोणात जोडून), दोन फेजमधले व्होल्टेज आणि बाहेरच्या तारेतला करंट घेतला की सूत्र तेच राहते. अनेकजण डेल्टा म्हटले की उत्तराला आणखी एकदा √३ ने भागतात. त्यातून मिळतो तो डेल्टाच्या आतल्या वाइंडिंगचा करंट. केबल, फ्यूज आणि ब्रेकर ठरवायला त्याचा उपयोग नाही.

आता या सूत्रात कोणते व्होल्टेज घालायचे? इलेक्ट्रिशियन मंडळींच्या तोंडी 'एक केव्हीएला १.४ अँपिअर' हा ठोकताळा असतो. ४१५ व्होल्ट धरले तर तो बरोबर आहे, १.३९ येतो. ४०० धरले तर १.४४. पण ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) ज्या ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर, म्हणजे माहितीच्या पट्टीवर, एलटीचे (कमी दाबाच्या बाजूचे) व्होल्टेज ४३३ लिहिलेले असते, त्याचा करंट त्याच ४३३ वरून काढलेला असतो, आणि मग एक केव्हीएला १.३३ अँपिअरच पडतात. ४३३ हे लोड नसतानाचे व्होल्टेज. लोड आला की ट्रान्सफॉर्मरच्या आतच काही व्होल्ट खर्ची पडतात आणि टोकाला ४१५ च्या आसपास मिळतात, म्हणून ते मुद्दाम चढे ठेवतात. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६००७६ मध्येही क्षमतेची व्याख्या लोड नसतानाच्या व्होल्टेजवर बसवलेली आहे. फरक दिसायला किरकोळ आहे, पण ५०० केव्हीएला ठोकताळ्याने ७०० अँपिअर येतात आणि नेमप्लेटवर ६६७ असतात. जे ३३ अँपिअर वाइंडिंगमध्ये नाहीतच, ते कागदावर हिशोबात धरून फीडर (लोडकडे जाणाऱ्या मुख्य तारा) वाटून दिले जातात. तेव्हा लोडचा करंट काढताना ४१५ घ्या, पण ट्रान्सफॉर्मरचा करंट नेमप्लेटवरूनच घ्या. १०० केव्हीएला १३३, २०० ला २६७, ३१५ ला ४२० आणि ६३० ला ८४० अँपिअर, हे आकडे ४३३ व्होल्टचे आहेत.

इथवर पाठ्यपुस्तक झाले. खरी गल्लत यापुढे होते. वरचे सूत्र तिन्ही फेजवर सारखा लोड आहे असे गृहीत धरते. फक्त मोटारी असतील तर ते जवळपास खरे असते. दिवे, एसी, सॉकेट, संगणक, लहान वेल्डिंग मशीन असा सिंगल फेजचा पसारा आला की गृहीतक कोसळते, पण हिशोब त्याच सूत्राने चालू राहतो.

एक उदाहरण घेऊ. एका इमारतीत आर फेजवर ६०, वाय फेजवर ११० आणि बी फेजवर ४० अँपिअर आहेत. तिन्हींची बेरीज २१० अँपिअर, तिला फेज आणि न्यूट्रलमधल्या २४० व्होल्टने गुणले की ५०.४ केव्हीए. ६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरेसा आहे आणि वर २० टक्के जागाही शिल्लक आहे, असे कागद सांगतो. पण ६३ केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रत्येक फेजची मर्यादा ८४ अँपिअर असते. वाय फेजचे वाइंडिंग ११० अँपिअर वाहते आहे, म्हणजे ३१ टक्के जास्त. तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे त्या एका वाइंडिंगमध्ये ती ७१ टक्क्यांनी वाढते. शेजारचे बी फेजचे वाइंडिंग मात्र निम्म्यापेक्षा कमी भरलेले. बी फेजमधली मोकळी जागा वाय फेजला उसनी देता येत नाही. तीन फेजचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे एका टाकीत बसवलेली तीन स्वतंत्र वाइंडिंगे आहेत, आणि प्रत्येकीला आपापला करंट सोसावा लागतो.

योग्य हिशोब असा: सर्वांत जास्त भरलेल्या फेजचा करंट घ्यायचा आणि तिन्ही फेजवर तोच आहे असे समजून केव्हीए काढायचे. ११० गुणिले २४० गुणिले ३ म्हणजे ७९.२ केव्हीए, म्हणजेच १०० चा ट्रान्सफॉर्मर. किंवा लोड वाटून प्रत्येक फेजवर ७० अँपिअर आणायचे, मग ६३ चाही पुरतो. दुसरा मार्ग पॅनेलमधल्या दहा-बारा तारा हलवून साध्य होतो, आणि नवा ट्रान्सफॉर्मर मागवण्याआधी तो करून बघितलाच पाहिजे असे माझे मत आहे. मात्र वाटणी जोडलेल्या वॅटवरून करू नये, एकाच वेळी चालणाऱ्या करंटवरून करावी. दिवसा चालणारी कार्यालये एका फेजवर आणि रात्री चालणारे दिवे दुसऱ्यावर ठेवले तर कागदावर समतोल दिसतो, पण चोवीस तासांत एकही क्षण तो नसतो.

हा असमतोल बाहेरून का कळत नाही, तेही सांगितले पाहिजे. एचटी (जास्त दाबाची बाजू) डेल्टा आणि एलटी स्टार ही सर्वसाधारण रचना. तीत वाय फेजवरचा लोड एचटीच्या दोन तारांमध्ये वाटला जातो. वरच्याच उदाहरणात तिन्ही फेजचा पॉवर फॅक्टर (किलोवॅट भागिले केव्हीए) सारखा धरला तर ११ केव्हीच्या तीन तारांत सुमारे ३.३९, ३.०६ आणि १.९८ अँपिअर वाहतील. ६३ केव्हीएची एचटी मर्यादा ३.३१ अँपिअर. म्हणजे एलटीचे एक वाइंडिंग ३१ टक्के जास्त भरलेले असताना एचटीवर कसाबसा अडीच टक्के जादा करंट दिसतो. एचटी फ्यूज उडण्याचा प्रश्नच येत नाही. टाकीवरचा तेलाचा थर्मामीटरही फसवतो, कारण तेलात तिन्ही वाइंडिंगांची उष्णता मिसळते आणि काटा त्या मिश्रणाचे तापमान दाखवतो. वाय फेजच्या वाइंडिंगमधला सर्वांत तापलेला बिंदू त्याच्या नजरेबाहेर असतो. साध्या कागदाच्या इन्सुलेशनचा हा बिंदू ९८ अंश सेल्सिअसवर राहिला तर आयुष्य नेमके अपेक्षेइतके मिळते आणि त्यावर दर ६ अंशांना ते निम्मे होत जाते. बाहेर दिसणाऱ्या खुणा क्षुल्लक असतात: तीन एलटी बुशिंगांपैकी (तारा टाकीबाहेर काढणाऱ्या इन्सुलेटरांपैकी) एकाच लगचा, म्हणजे तारेच्या टोकाच्या जोडाचा, रंग काळपट पडतो, त्याच बुशिंगच्या रबरी गॅस्केटमधून तेल पाझरते, तिथलाच बोल्ट पुन्हा पुन्हा ढिला होतो. एखाद्या दिवशी ट्रान्सफॉर्मर जातो आणि बातमीत छापून येते की ६३ केव्हीएवर फक्त ५० चा लोड होता.

आपल्या बातमीदारांना म्हणूनच एक विनंती. अशा घटनेनंतर एकूण लोडच्या आकड्याबरोबर तिन्ही फेजचे आणि न्यूट्रलचे करंट विचारावेत. ज्याच्याकडे ते नोंदलेले नसतील त्याने लोडवर लक्ष ठेवले नव्हते, एवढे तरी वाचकाला कळेल.

दोन फेजवर चालणारी वेल्डिंग मशीन हा आणखी एक सापळा. १० केव्हीएचे मशीन ४१५ व्होल्टवर दोन फेजमध्ये जोडले तर त्या दोन्ही तारांत २४ अँपिअर वाहतात. इथे √३ ने भागायचे नसते, कारण सर्किट सिंगल फेजचेच आहे, फक्त व्होल्टेज जास्त आहे. सवयीने भागले की १४ अँपिअर येतात आणि हिशोब १० अँपिअरने हुकतो. ट्रान्सफॉर्मरच्या दृष्टीने हे १० केव्हीएचे मशीन तीन फेजच्या १७.३ केव्हीए लोडइतकी जागा अडवते. अशी तीन मशीन असतील तर ती आर-वाय, वाय-बी, बी-आर अशी फिरवून जोडावीत. तिन्ही एकाच जोडीवर टाकणे हा सोयीचा पण घातक प्रकार आहे.

मोटारीबाबत बहुतेकांना माहीत असते पण घाईत विसरले जाते: नेमप्लेटवरचे किलोवॅट हे शाफ्टवर मिळणारे आहेत, लाइनमधून घेतलेले नव्हेत. ३७ किलोवॅटची, म्हणजे ५० अश्वशक्तीची मोटार घ्या. कार्यक्षमता ०.९३ आणि पॉवर फॅक्टर ०.८६ असेल तर ती लाइनमधून ३९.८ किलोवॅट, म्हणजे ४६.३ केव्हीए घेते आणि ४१५ व्होल्टवर ६४ अँपिअर ओढते. १५ किलोवॅटची मोटार, कार्यक्षमता ०.९१ आणि पॉवर फॅक्टर ०.८५ धरून, २७ अँपिअर. मोटारीच्या नेमप्लेटवर करंट छापलेला असेल तर हा खटाटोपही नको, तोच घ्यावा.

वरच्या इमारतीतच ३७ किलोवॅटची एक आणि १५ च्या दोन मोटारी एकाच वेळी पूर्ण लोडवर चालतात असे समजू. प्रत्येक फेजवर ११८ अँपिअर वाढले. आता आर १७८, वाय २२८, बी १५८. पॉवर फॅक्टर वेगवेगळे असल्यामुळे करंट असे सरळ मिळवणे काटेकोर नाही, पण चूक सुरक्षित बाजूची होते. सरासरीने चालणारा १८८ अँपिअर, म्हणजे ४३३ व्होल्टच्या हिशोबाने १४१ केव्हीए काढतो आणि १६० चा ट्रान्सफॉर्मर मागवतो. त्याची मर्यादा २१३ अँपिअर, वाय फेजवर २२८. भरलेल्या फेजने हिशोब करणाऱ्याला १७१ केव्हीए मिळतात आणि तो २०० चा घेतो, वाय फेज ८५ टक्के भरतो. आणि लोड आधी वाटून घेणारा १६० वरच ८८ टक्क्यांत बसतो, पण वाढीला जागा जवळजवळ राहत नाही.

जोडलेला सगळा लोड एकदम चालत नाही, हे खरे आणि त्याचा फायदा घ्यावाच. मात्र किती चालतो हे अंदाजाने ठरवू नये. जुनी जोडणी असेल तर मीटरमधली कमाल मागणी केव्हीएमध्ये मिळते. ती १५ किंवा ३० मिनिटांची सरासरी असते आणि तिन्ही फेजची मिळून असते, त्यामुळे तिच्यावरून भरलेला फेज कळत नाही, हे लक्षात ठेवून ती वापरावी. तीन फेजवर आठवडाभर लॉगर (करंटची सतत नोंद ठेवणारे यंत्र) लावणे उत्तम. ते जमत नसेल तर सर्वांत गर्दीच्या तासाला क्लॅम्प मीटरने एकेक तार मोजावी. तिन्ही तारा एकत्र क्लॅम्पमध्ये घेतल्या तर करंट एकमेकांना मारतात आणि फेज जवळपास सारखे भरलेले असतील तर शून्याच्या आसपास काहीतरी दिसते. 'लोड नाहीच' हा शेरा कधी कधी तिथूनच येतो.

पॉवर फॅक्टर सुधारला की करंट उतरतो. ८० किलोवॅटचा लोड ०.८ वर १०० केव्हीए घेतो, ०.९५ वर ८४. म्हणजे ४३३ व्होल्टच्या हिशोबाने १३३ अँपिअरचे ११२ झाले, आणि त्यासाठी सुमारे ३४ केव्हीएआरचे (काम न करणाऱ्या विजेच्या मापाचे) कपॅसिटर लागतात. पण ते एलटी बाजूला, शक्यतो लोडजवळ हवेत. एचटी बाजूला बसवले तर मीटरवरचा आकडा सुधारतो आणि ट्रान्सफॉर्मरमधला करंट जिथल्या तिथे राहतो.

ड्राइव्ह, यूपीएस, एलईडी दिवे आणि संगणक यांचा करंट साइन लाटेच्या आकाराचा नसतो. त्यातले तिसरे हार्मोनिक (मूळ वारंवारितेच्या तिप्पट वारंवारितेची लाट) तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी येते, म्हणून न्यूट्रलमध्ये ते वजा होत नाही, मिळवले जाते. साध्या लोडवर ६०, ११० आणि ४० अँपिअर असताना न्यूट्रलमध्ये ६२ येतात. सगळा लोड इलेक्ट्रॉनिक असेल तर तिन्ही फेज अगदी समान असूनही न्यूट्रल फेजपेक्षा जास्त, अगदी टोकाला १.७३ पट, करंट वाहू शकतो. अर्ध्या जाडीचा न्यूट्रल टाकण्याची जुनी पद्धत अशा ठिकाणी बंदच केली पाहिजे. हेच तिसरे हार्मोनिक डेल्टा वाइंडिंगमध्ये आतल्या आत फिरत राहते आणि एचटीच्या तारेत दिसत नाही, पण उष्णता करतेच. शिवाय वाइंडिंगमधला एडी तोटा (तारेच्या आतच फिरणाऱ्या भोवरा करंटचा तोटा) वारंवारितेच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे अशा लोडला केवळ अँपिअर जुळवून भागत नाही. उत्पादकाला हार्मोनिकचे मोजमाप देऊन के-फॅक्टरचा, म्हणजे हार्मोनिक सोसण्यासाठी बनवलेला, ट्रान्सफॉर्मर मागावा किंवा साध्याची क्षमता उतरवून धरावी. आणि मोजताना मीटर ट्रू आरएमएस, म्हणजे कोणत्याही आकाराच्या लाटेचा खरा आकडा दाखवणारा, असावा. साधा मीटर अशा करंटचा आकडा बराच कमी दाखवतो.

मोटार थेट सुरू होताना ६ ते ७ पट करंट ओढते. काही सेकंदांनी वाइंडिंग तापत नाही, पण व्होल्टेज खाली येते. ३७ किलोवॅटची मोटार सहापट म्हणजे २७८ केव्हीए मागते. १०० केव्हीए आणि ४.५ टक्के इम्पीडन्सच्या (करंटला होणाऱ्या आतल्या अडथळ्याच्या) ट्रान्सफॉर्मरवर त्या क्षणी सुमारे साडेबारा टक्के व्होल्टेज पडते, दिवे मंदावतात आणि आधीच कमी व्होल्टेज असेल तर चालू मोटारींचे कॉन्टॅक्टर (मोटार जोडणारे विद्युतचुंबकी स्विच) खडखडतात. २०० वर हीच घट सव्वासहा टक्के. मोटार आधी स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टात नेणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरने लाइनमधला करंट एक तृतीयांश होतो. एक मोटार सुरू व्हावी म्हणून ट्रान्सफॉर्मर एक पायरी मोठा घेण्यापेक्षा स्टार्टर बदलणे बहुतेकदा शहाणपणाचे ठरते. सुरुवातीलाच जास्त टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागणारे यंत्र असेल तर मात्र स्टार-डेल्टा चालत नाही.

'मग सरळ दुप्पट घ्या' हा सल्लाही सर्रास मिळतो. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा लोड नसतानाचा तोटा चोवीस तास चालू राहतो. ५०० वॅट जास्त असतील तर वर्षाला ४,३८० युनिट नुसते गाभ्याच्या लोखंडात जातात. त्याहून गंभीर बाब शॉर्ट सर्किटची. पूर्ण लोडच्या करंटला इम्पीडन्सच्या टक्क्यांनी भागले की फॉल्ट करंट मिळतो. २०० केव्हीए आणि ४.५ टक्क्यांना ५.९ किलोअँपिअर, ५०० केव्हीए आणि ५ टक्क्यांना १३.३ किलोअँपिअर. जुन्या पॅनेलमधले १० किलोअँपिअरचे ब्रेकर पहिल्याला पुरतात. दुसऱ्यावर ते फॉल्ट तोडताना फुटू शकतात. ट्रान्सफॉर्मर बदलताना पॅनेलकडे कोणी बघत नाही, ही तक्रार मला रास्त वाटते. साधारण २० ते २५ टक्के वाढीची जागा ठेवून पुढची प्रमाणित क्षमता घेतली की झाले.

एचटी बाजूचा हिशोब छोटा आहे. ११ केव्हीला एका केव्हीएमागे ०.०५२५ अँपिअर, २२ केव्हीला त्याच्या निम्मे. टॅप (एचटी वाइंडिंगचे वेढे कमी-जास्त करणारा स्विच) मायनस ५ टक्क्यांवर असेल तर १०० केव्हीएचा एचटी करंट ५.२५ ऐवजी ५.५२ होतो. फ्यूज मात्र या आकड्याला चिकटून घेऊ नये, कारण ट्रान्सफॉर्मर चालू करताना क्षणभर ८ ते १२ पट करंट येतो. आणि हा सगळा हिशोब हवेचे तापमान कमाल ४० अंश, वार्षिक सरासरी २० अंश आणि उंची १,००० मीटरपर्यंत या गृहीतकावर उभा आहे. पत्र्याच्या बंद खोलीत ठेवलेल्या ट्रान्सफॉर्मरला नेमप्लेटवरचे पूर्ण अँपिअर मागू नयेत.

बसवल्यावर पहिल्या आठवड्यात गर्दीच्या तासाला चार आकडे लिहून ठेवावेत: आर, वाय, बी आणि न्यूट्रल. सोबत एलटीची तिन्ही व्होल्टेज आणि टॅपची स्थिती. नवा फीडर जोडला की हीच नोंद पुन्हा करावी, आणि कोणताही एक फेज नेमप्लेटच्या ९० टक्क्यांवर गेला तर इतर दोन कितीही रिकामे असले तरी त्या फेजवर नवी जोडणी देऊ नये.

आपला,
एक वाचक, विद्युत अभियंता